सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात तीन एकर वरकस (डोंगरउताराची हलकी) जमीन आहे, अननस परवडेल का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी पुण्यात, जमीन गावी, काजू म्हातारा झालाय आणि शेजारच्या केरळी शेतकऱ्याचा अननस बघून विचार मनात आला. मी याच तालुक्यात नऊ वर्षं अननस करतोय. परवडतो. पण सगळं फळ कुठल्या महिन्यात काढायचं, हे लागवडीआधी ठरवलं तरच.

आंब्याला मोहर कधी यावा हे आपल्या हातात फारसं नसतं, अननसाला फूल कधी आणायचं हे बरंचसं असतं. झाडाला ३९ ते ४२ पानं झाली की गाभ्यात इथेफॉनचं, म्हणजे फूल आणणाऱ्या औषधाचं, द्रावण ओततात. आमचं माप असं: २० लिटर पाण्यात ३९ टक्क्यांचं इथेफॉन सव्वा मिली, युरिया ४०० ग्रॅम आणि कॅल्शियम कार्बोनेट ८ ग्रॅम. एवढ्यात ४०० झाडं होतात, म्हणजे झाडाला ५० मिली. माप कापलेल्या डब्याने बरोबर गाभ्यात सोडायचं. मॉरिशस जातीच्या पानांना कडेने काटे असतात, म्हणून जाड बाह्यांचा शर्ट घातल्याशिवाय सरीत उतरू नका. त्या दिवसापासून साधारण साडेचार महिन्यांनी फळ तयार होतं.

हा हिशेब मी पहिल्या वर्षी केला नाही. गडी मिळाले म्हणून जानेवारीच्या शेवटी एकाच आठवड्यात दोन एकरांना औषध घातलं. फळ तयार झालं जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. पाऊस सुरू झालेला, गाडी बांधापर्यंत येईना, आणि ठरवलेल्या व्यापाऱ्याने ऐनवेळी दर निम्म्यावर आणला. पिकलेलं फळ घेऊन मी कुठे जाणार होतो? दिलं. तेव्हापासून नोव्हेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत दर पंधरा दिवसांनी एकेका तुकड्याला औषध घालतो. माल एप्रिल-मेमध्ये थोडा थोडा निघतो, गोव्याच्या बाजाराला तसाच लागतो, आणि कुणा एकाच्या दारात हात जोडून उभं राहावं लागत नाही.

जात मॉरिशसच घ्या. केरळात वाझकुळमच्या ज्या अननसाला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो हाच. खायला गोड, वाहतुकीला टिकाऊ. क्यू जातीचं फळ मोठं आणि रसाळ, पण ते कारखान्याचं फळ. कारखाना जवळ नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

लागवड एप्रिल-मेमध्ये, जोडओळीत: झाडांत ३० सेंमी, दोन ओळींत ६० आणि जोडींच्या मध्ये ९० सेंमी. एकरी साधारण १७ हजार फुटवे (जुन्या झाडाला फुटलेली, लावायची रोपं) बसतात. पाचातलं एक झाड वाया गेलं आणि फळ सव्वा किलोऐवजी १.१ किलोचं धरलं, तरी पंधरा टनांच्या आसपास माल होतो. याहून जास्त आकडा कुणी सांगितला तर त्यावर कर्ज काढू नका. त्यानंतर दोन खोडवे, म्हणजे त्याच लागवडीवरची पुढची पिकं, घेता येतात, पण फळ लहान होत जातं.

फुटवे अर्धा किलोच्या वर आणि सगळे एकाच आकाराचे हवेत. बारीक-मोठे मिसळले तर पानांची संख्या एकसारखी होत नाही आणि वर सांगितलेलं सगळं वेळापत्रक कोसळतं. खालची सुकी पानं काढून आठवडाभर सावलीत सुकवा, मग लावा. कातळावरही अननस उभा राहतो, पाणी साचलं तर मात्र पावसाळ्यात गाभा कुजतो. पान ओढलं की सगळा गाभा हातात येतो, त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही. म्हणून चर आधी खणा. मुंग्यांची रांग दिसली तर बुडाशी पांढरा पिठ्या ढेकूण शोधा, मुंग्याच त्याला झाडोझाड नेतात आणि मर रोग पसरतो. एप्रिलच्या उन्हात फळाची एक बाजू भाजते, त्यावर माडाची झावळी किंवा गवत टाकावं लागतं. रानडुकरं आणि माकडं आहेतच, राखणीला माणूस धरून चाला.

पुण्यात राहून हे होईल का? औषधाचे दिवस आणि काढणीचे दोन महिने तुम्ही किंवा घरचं विश्वासाचं माणूस बांधावर नसेल, तर यंदा जमीन भाड्याने द्या आणि एक हंगाम ती कसणाऱ्यांसोबत फिरून बघा. स्वतः करणार असाल तर पहिल्या वर्षी एकच एकर. फुटव्यांचं बोलणं मात्र दिवाळीतच करून ठेवा. एप्रिलमध्ये मागायला गेलात तर दुसऱ्यांनी निवडून टाकलेले बारीकच हाती येतील.