'फॅरो राजा' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: "शाळकरी मुलांसाठी प्राचीन संस्कृतींवर छोटे लेख लिहिते आहे. वाचनात 'फॅरो राजा', 'सीझर राजा', 'इंका राजा' असे शब्दप्रयोग येतात. यांत नाव कुठलं आणि पद कुठलं? मुलांसाठी काय लिहावं?"

'फॅरो राजा' टाळावं. फॅरो हे पद आहे, त्यामुळे 'फॅरो राजा' म्हणजे 'सुलतान राजा' म्हटल्यासारखं होतं. अडचण नुसत्या द्विरुक्तीची असती तर चालवून घेता आलं असतं, पण 'फॅरो राजाने पिरॅमिड बांधला' असं वाचून मुलांना फॅरो नावाचा कुणी एकच राजा होऊन गेला असं वाटतं. पुढे खुफू, रामसेस, तुतनखामून भेटले की त्यांचा गोंधळ उडतो.

या शब्दाचा मूळ अर्थ मुलांना जरूर सांगा. प्राचीन इजिप्तच्या भाषेत 'पेर-आ' म्हणजे मोठं घर, अर्थात राजवाडा. सुरुवातीला तो खरोखर वाड्यालाच म्हणत. पुढे वाड्याचा शब्द वाड्यात राहणाऱ्याला लागला आणि हिब्रू, ग्रीक असा प्रवास करत त्याचा फॅरो झाला. मराठी वाचकाला हे नवल वाटायला नको. आपल्या 'राऊळ' शब्दाचं असंच झालं आहे. देवकुलाचं देऊळ झालं, तसं राजकुलाचं राऊळ. राऊळ म्हणजे राजवाडा, मंदिरही. पण महानुभाव पंथाचे गोविंदप्रभू 'गुंडम राऊळ' म्हणून ओळखले जातात. तिथे तोच शब्द माणसाच्या नावाला मानाने जोडलेला आहे. राजस्थानातली 'रावळ' ही राजांची पदवीही याच राजकुलातून आली. वास्तूचं नाव माणसाला लागण्याची ही वाट दोन अगदी दूरच्या भाषांनी आपापली शोधली, हे मला फार सुंदर वाटतं.

याचा लेखनावर थेट परिणाम होतो. गिझाचा मोठा पिरॅमिड ज्याचा, तो खुफू इ. स. पू. सव्विसाव्या शतकातला. त्याच्या काळात 'पेर-आ' म्हणजे वाडाच होता. राजाला तो शब्द लागला त्यानंतर हजारेक वर्षांनी. नावाआधी फॅरो जोडायची रीत तर आणखी उशिराची, इ. स. पू. दहाव्या शतकाच्या आसपासची. तरी आज इतिहासकार सोयीसाठी सगळ्यांनाच फॅरो म्हणतात, त्यामुळे 'फॅरो तुतनखामून' चूक नाही. माझा कल असा, की खुफूला 'राजा खुफू' म्हणावं आणि तुतनखामूनपाशी पोचल्यावर 'फॅरो' शब्दाची ओळख करून द्यावी.

सीझरची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिथे आधी नाव होतं, पद नंतर झालं. गायस ज्यूलियस सीझर या नावातलं 'सीझर' हे घराण्याच्या शाखेचं नाव. तो राजा कधीच नव्हता. रोमन लोकांनी राजेशाही कित्येक शतकांपूर्वी घालवली होती आणि 'राजा' हा शब्दच त्यांना खपत नसे. सीझर डिक्टेटर होता. हे रोमच्या कायद्यातलं, संकटकाळात थोड्या मुदतीसाठी द्यायचं पद. त्याने ते तहहयात घेतलं आणि इ. स. पू. ४४ मध्ये त्याचा खून झाला. म्हणून 'सीझर राजा' हे भाषेच्या आणि इतिहासाच्याही दृष्टीने चूक. त्याचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन याने हे नाव घेतलं, पुढच्या सम्राटांनी ते चालवलं आणि होता होता त्याची पदवी झाली. जर्मन 'कैसर' आणि रशियन 'झार' हे दोन्ही तेच. लॅटिनमधला जुना उच्चार 'काएसार'च्या जवळचा होता, तो 'कैसर'मध्ये बराचसा टिकला. १८७७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला 'कैसर-ए-हिंद' म्हणू लागले, तेव्हा एका रोमन कुळाचं नाव हिंदुस्थानातल्या राजपदवीत येऊन बसलं.

नाव आणि पद यांची अशी अदलाबदल आपल्याकडे 'पेशवे' शब्दात दिसते. मोरोपंत पिंगळेही पेशवेच, पण १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना ते पद मिळालं, पुढे त्यांच्याच घरात राहिलं आणि श्रीवर्धनचे भट हे 'पेशवे घराणं' झाले.

राहिला इंका. दक्षिण अमेरिकेतल्या या साम्राज्याच्या केचुआ भाषेत इंका म्हणजे राजा, राजकुळातला माणूस. सर्वोच्च राजा तो 'सापा इंका', म्हणजे एकमेव इंका. साम्राज्याला ते लोक 'तावांतिनसुयू' म्हणत. चार भाग मिळून झालेला एक प्रदेश असा त्याचा अर्थ. सगळ्या प्रजेला इंका म्हणायची सवय नंतर लागली. त्यामुळे 'माया राजा' बरोबर, कारण माया हे लोकांचं नाव. 'इंका राजा' मात्र 'फॅरो राजा'च्याच जातीचं. १५३२ मध्ये काहामार्का इथे स्पॅनिश सेनानी पिझारोने ज्याला पकडलं, त्याला 'सापा इंका अताहुआल्पा' म्हणावं. 'इंका साम्राज्य' आणि 'इंका संस्कृती' हे शब्द रूढ आहेत, ते बदलायची गरज नाही.

विभक्ती लावताना फॅरो बदलत नाही: फॅरोने, फॅरोंचा. 'इंका' आकारान्त असला तरी त्याचं घोड्यासारखं 'इंक्याने' करू नये. राजा-राजाने, तसं इंका-इंकाने, आणि अनेकवचनात इंकांनी.