रोमँटिक कॉमेडी कुटुंबासोबत पाहण्याजोगी आहे की नाही, हे तिकीट काढण्यापूर्वी कसे ओळखावे?

आपण विचारले आहे की आई-वडील, नववीतील मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा यांना घेऊन रविवारी नाशिकमध्ये नवी रोमँटिक कॉमेडी पाहायला जायचे आहे, तर ती सर्वांनी एकत्र बसून पाहण्यासारखी आहे की नाही, हे आधी कसे कळेल. माझ्या मते यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. चित्रपट मुलांच्या वयाला योग्य आहे का, हा पहिला. आणि आजी-आजोबांच्या शेजारी बसून तो पाहताना कोणाला अवघडल्यासारखे होईल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काही अंशी सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्रातून मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही, आणि बहुतेक घरांत पंचाईत होते ती दुसऱ्यामुळेच.

प्रमाणपत्राचे आधी पाहू. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पूर्वीच्या सरसकट ‘यूए’ गटाचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांचे, ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नसतो. यूएमधील वय मात्र पालकांच्या माहितीसाठी असते, त्यामुळे सात वर्षांच्या मुलाला १३+ चित्रपटाला न्यायचे की नाही हे आपल्यालाच ठरवावे लागते, दारावरचा कर्मचारी ते ठरवणार नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ओटीटीवरील, म्हणजे इंटरनेटवरून घरी चित्रपट दाखवणाऱ्या सेवांवरील, वर्गीकरण सेन्सॉर बोर्ड करत नाही, २०२१ च्या नियमांनुसार ते त्या त्या कंपन्याच करतात, म्हणून थिएटरात कात्री लागलेले दृश्य घरच्या पडद्यावर शाबूत असू शकते. “थिएटरात पाहिलाय, काही नाही त्यात” हा शेजाऱ्यांचा निर्वाळा घरी उपयोगी पडेलच असे नाही.

आता अवघडलेपणाविषयी. इंदिरानगरमधील आमच्या सोसायटीत कोजागरीला गच्चीवर पडदा लावून चित्रपट दाखवण्याची पद्धत आहे आणि निवडीचे काम बहुधा माझ्याकडे येते, त्यामुळे पहिलीतल्या मुलांपासून पणजीपर्यंत सगळ्यांचे चेहरे एकाच वेळी पाहण्याची संधी मला मिळत आली आहे. चुंबनाचे दृश्य आले की आजोबा मंडळी चष्मा पुसू लागतात, कोणाला तरी त्याच क्षणी मसाला दुधाची आठवण होते, आणि दृश्य संपल्यावर सगळे पुन्हा निवांत होतात. लहान मुलांना तर त्यात रसच नसतो. खरी अडचण द्वयर्थी संवादांची असते. ते पहिलीतल्या मुलाच्या डोक्यावरून जातात, परंतु नववीतल्या मुलीला बरोबर कळतात, आजोबांनाही कळतात, आणि आपल्याला कळले हे दुसऱ्याला कळू नये म्हणून दोघेही समोर टक लावून बसतात. तोच चित्रपट ती मुलगी मैत्रिणींसोबत खळखळून हसत पाहील. तेव्हा दोष चित्रपटाचा नसून बसण्याच्या व्यवस्थेचा असू शकतो, एवढे मान्य करून मगच निर्णय घ्यावा.

मला स्वतःला वेगळ्याच गोष्टीची अधिक काळजी वाटते. नायिकेने स्वच्छ नकार दिल्यावरही नायक तिच्या कॉलेजबाहेर, तिच्या बसथांब्यावर, तिच्या मैत्रिणीच्या लग्नात हजर होतो, आणि पार्श्वसंगीत आपल्याला सांगत राहते की हे सारे फार गोड आहे. नको म्हटल्यावरही स्त्रीचा असा वारंवार पाठलाग करणे २०१३ पासून आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे. पडद्यावर त्याचे बक्षीस म्हणून लग्न मिळते. अशा चित्रपटात एकही ‘तसले’ दृश्य नसते, म्हणून तो ‘घरच्यांसोबत पाहण्यासारखा’ ठरतो. जाड मैत्रीण, तोतरा मित्र, सावळी बहीण यांच्यावर बेतलेल्या विनोदांचेही तसेच आहे. नववीतल्या मुलीसाठी मी एखादे चुंबन चालवून घेईन, हे नाही.

हे आधी ओळखण्यासाठी ट्रेलर नीट पाहावा, कारण निर्मात्याला आपले सर्वांत चांगले वाटणारे विनोद तो तिथेच दाखवतो. हशा नेमका कोणावर काढला आहे आणि नायिकेला नायकाला उत्तर देण्यापलीकडे काही काम आहे का, एवढे पाहिले तरी बराच अंदाज येतो. आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर चित्रपटाच्या पानावर ‘पॅरेंट्स गाइड’ नावाचा विभाग असतो; त्यात प्रेक्षकच शिवराळ भाषा, मद्यपान, शारीरिक जवळीक यांची नोंद करतात. परदेशी आणि मोठ्या हिंदी चित्रपटांसाठी तो कामाचा आहे. मराठी चित्रपटांच्या बाबतीत तो अनेकदा रिकामाच आढळतो. वृत्तपत्रातील परीक्षणाचे तारे मोजून मात्र यातले काहीच कळत नाही.

आपल्या बाबतीत, चित्रपट यूए ७+ असेल आणि ट्रेलरमध्ये खटकणारे काही नसेल, तर पाचही जणांनी खुशाल जावे. १३+ असेल तर मुलाला त्या दिवशी मामाकडे किंवा मित्राकडे ठेवण्याचा विचार करावा. त्याला समजणार नाही म्हणून नव्हे, तर मध्यंतरानंतर गैरसमज, रुसवे आणि विरहगीते सुरू झाली की तो कंटाळून शेजारच्या रांगेला त्रास देईल म्हणून. १६+ असेल तर मुलीचेही वय त्यात बसत नाही, तो बेत सोडून द्यावा. आणि तिकिटे काढताना मुलगी आणि तिचे आजोबा यांच्यामध्ये निदान एक खुर्ची आपल्यासाठी ठेवावी.