कुत्र्याचं औषध मांजरीला, आणि दुकानदार म्हणतो चूक तुमचीच

प्रश्न थोडक्यात असा. डिचोलीच्या एका ताईंनी चवथीच्या आधी म्हापशातल्या एका पेट शॉपमधून त्यांच्या कुत्र्यासाठी गोचिडांचं स्पॉट-ऑन, म्हणजे मानेमागे कातडीवर थेंब घालायचं औषध, घेतलं. तीन पिपेटच्या (औषधाच्या छोट्या नळ्यांच्या) बॉक्समधलं एकच सुटं घेतलं, पैसे गूगल पे केले, बिल मिळालं नाही. घरच्या मांजरीला पण पिसवा झाल्यात म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला, वेगळं कशाला घेता, ह्यातलंच अर्धं तिच्या मानेवर घाला. ताईंनी तसंच केलं. रात्री मांजर थरथरायला लागली, पहाटे आकडी, दोन दिवस क्लिनिकमध्ये सलाईनवर होती आणि गेली. दुकानदार आता म्हणतो की बॉक्सवर फक्त कुत्र्यांसाठी असं लिहिलंय, तुम्ही वाचलं नाही, फार तर औषधाचे पैसे परत देतो पण आमची काही तक्रार नाही असं लिहून द्या. ताईंनी गूगलवर रिव्ह्यू टाकला तर बदनामीच्या केसची धमकी. पोलिसात जाऊ का, केस उभी राहते का, असं विचारलंय.

ताई, आधी हे ऐका, त्या कागदावर सही करू नका. पाच-सातशे रुपये घेऊन तक्रार नाही असं लिहून दिलंत की उद्या ग्राहक आयोगासमोर तोच कागद तो पहिल्यांदा काढेल. आणि दुसरं म्हणजे ही तुमची चूक नाही, हे मी धीर द्यायला म्हणत नाही, कायद्यातच तसं बघता येतं, कसं ते सांगते.

तुम्ही पाठवलेला पिपेटचा फोटो मोठा करून बघितला. त्या इवल्याशा नळीवर कुत्र्याचं चित्र आहे, बॅच नंबर आहे आणि बारीक अक्षरात फिप्रोनिल आणि परमेथ्रिन. घात केला तो ह्या परमेथ्रिनने. कुत्र्यांच्या स्पॉट-ऑनमध्ये ते ४५ ते ६५ टक्क्यांपर्यंत असतं, कुत्र्याचं लिव्हर ते फोडून बाहेर टाकतं, पण मांजरीच्या लिव्हरला ते काम नीट जमत नाही, त्यामुळे विष अंगात साचत जातं आणि नसांवर चढतं, मग थरथर, लाळ, आकडी. म्हणून अर्धं घातलं काय आणि पाव घातलं काय, मांजरीसाठी ह्यात सेफ डोस असा नाहीच. जनावरांची औषधं विकणाऱ्याला एवढं माहीत असायलाच हवं, आणि नसेल तर डॉक्टरांना विचारा म्हणायला हवं होतं, डोस सांगायला नको होता.

आता कायदा. पोलिसांकडे जाऊन फारसं काही हाती लागणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये जनावराला मारणं, विष घालणं ह्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे खरी, पण तिथे नुकसान करायचा इरादा किंवा होणार याची जाणीव लागते, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यातही अपायकारक औषध मुद्दाम दिलेलं असावं लागतं. ह्या माणसाने अज्ञानाने, बेफिकिरीने सांगितलं, मुद्दाम नव्हे. स्टेशनवर हेलपाटे घालण्यापेक्षा ग्राहक आयोगाची वाट धरा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटीचा, म्हणजे मालामुळे झालेल्या हानीच्या जबाबदारीचा, आख्खा भाग आहे. त्यातलं कलम ८६ म्हणतं की विकणारा स्वतः उत्पादक नसला तरी जबाबदार धरला जातो, जर त्याने उत्पादकाने दिलेल्या धोक्याच्या सूचना किंवा वापराच्या सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोचवल्या नाहीत तर. इथेच तुमची केस आहे. बॉक्सवर लिहिलंय म्हणतो ना तो, पण बॉक्स तर दुकानातच राहिला! सुटं पिपेट विकलं म्हणजे बॉक्स आणि आतलं पत्रक दोन्ही त्याने स्वतःकडे ठेवलं, आणि वर तोंडाने उलटंच सांगितलं. त्याच कलमात असंही आहे की विक्रेत्याने उत्पादकापेक्षा वेगळी स्वतःची हमी दिली आणि माल त्या हमीप्रमाणे निघाला नाही तरी तो जबाबदार, तर मांजरीलाही चालतं हे सांगणं म्हणजे हमीच होती असा मुद्दा पण घ्या.

तो काय म्हणणार ते आत्ताच बघून ठेवा. कलम ८७ खाली विक्रेत्याचा बचाव असतो की ग्राहकाने मालाचा गैरवापर केला. त्याचा वकील हेच धरून बसेल, आणि उत्तर एकच आहे, वापर दुकानाच्या सांगण्यावरून झाला. हे सिद्ध करणं हाच तुमच्या केसचा कच्चा भाग, कारण बोलणं तोंडी झालं. तुमची भावजय सोबत होती असं लिहिलंय, तिचं शपथपत्र करून ठेवा. शिवाय आजच दुकानाच्या व्हॉट्सॲपवर साध्या भाषेत मेसेज टाका, अमुक तारखेला तुमच्याकडून हे औषध घेतलं, तुमच्या माणसाने अर्धं मांजरीला घाला सांगितलं, तसं केल्यावर ती गेली. भांडण नको, शिवीगाळ तर नकोच. तो जे उत्तर देईल ते, किंवा काहीच देणार नाही ते, दोन्ही कामाला येतं. ही चॅट पुरावा म्हणून लावताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट जोडा, आणि मेहेरबानी करून फोन बदलू नका, रिसेट करू नका.

बिल नाही म्हणून घाबरू नका, गूगल पेची नोंद आहे, आणि बिल न देणं हीच मुळात कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे, ते वेगळं मांडा. मांजरीचं पोस्टमॉर्टेम झालेलं नाही, परसात पुरली म्हणता, ती उकरायच्या फंदात पडू नका, त्यापेक्षा क्लिनिकच्या डॉक्टरांकडून केसपेपर आणि एक पत्र घ्या ज्यात लक्षणं कधी सुरू झाली, काय ट्रीटमेंट दिली आणि त्यांच्या मते कारण काय हे स्पष्ट लिहिलेलं असेल. पिपेट टाकू नका, झिपच्या पिशवीत घालून मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

भरपाईत क्लिनिकचं बिल, औषधाची किंमत, खर्च आणि मानसिक त्रास मागा. मांजर कायद्याच्या नजरेत मालमत्ता, हे मला स्वतःला पटत नाही पण आज तरी तसं आहे, मात्र ह्याच कायद्यात हानीची व्याख्या बघितलीत तर मालमत्तेच्या नुकसानीबरोबर येणारा मानसिक त्रासही त्यात धरलाय. रकमेचा आकडा फुगवू नका, माफक आणि कागदांनी भक्कम मागणी जास्त टिकते. कंपनीलाही दुसरी पार्टी करावी का? बॉक्सवर मांजरांना वापरू नये असं ठळक असेल तर त्यांच्यावर काही येत नाही, आधी तोच बॉक्स दुसऱ्या दुकानात बघून चारही बाजूंचे फोटो काढा मग ठरवा.

मुदत दोन वर्षं, पण थांबू नका. तुम्ही राहता तिथल्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी उत्तर गोव्याचा आयोग, पर्वरीला. फी काही नाही, कारण ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि तुमची खरेदी काही शे रुपयांची. ऑनलाईनही भरता येते, वकील लागतोच असं नाही. त्याआधी १९१५ ह्या हेल्पलाईनवर नोंद करून बघा, कधी कधी तेवढ्यानेही दुकानदार नरमतात.

एक काम अजून. प्राण्यांची औषधं पण ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स ॲक्ट १९४० खाली येतात, तेव्हा दुकानाकडे औषध विक्रीचं लायसन्स आहे का हे बांबोळीच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) लेखी विचारा, आरटीआय टाका हवं तर. नसेल तर तुमची बाजू कितीतरी जड होते, आणि पुढच्या कुणाचं जनावर वाचतं.

रिव्ह्यू. काढू नका, पण सुधारा. त्यातले खुनी दुकान हे शब्द आणि काउंटरवरच्या त्या पोराचा फोटो हे दोन्ही काढा, तारीख, काय घेतलं, काय सांगितलं, काय झालं एवढंच ठेवा. न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये लोकहितासाठी सांगितलेलं खरं ही बदनामी नाही, पण खुनी हा शब्द तुम्ही कुठल्याच कोर्टात खरा करून दाखवू शकणार नाही.

तुमच्याकडे मांजरीचं पिल्लू आहे आणि कुत्रा तर आहेच, म्हणून कायद्यापलीकडचं पण लिहिते. पिल्लाला काही लावायच्या आधी डॉक्टरांना वय आणि वजन सांगा, मांजरीचंच म्हणून लिहिलेलं औषध घ्या आणि सीलबंद बॉक्समध्ये. कुत्र्याला लावताना केस बाजूला करून कातडीवर, मानेच्या मागे जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे लावा, आणि पूर्ण सुकेपर्यंत पिल्लाला दुसऱ्या खोलीत ठेवा, कारण मांजरं कुत्र्याला चाटतात, अंगाला अंग लावून झोपतात, त्यातूनही विषबाधा होते. परमेथ्रिनवालं तर मांजर असलेल्या घरात नकोच, डॉक्टर दुसरं देतील. कधी चुकून लागलंच तर लक्षणांची वाट न बघता कोमट पाण्याने आणि भांड्यांच्या लिक्विडने धुवा, पुसून ऊब द्या, पॅक हातात घेऊन तडक डॉक्टरकडे. ह्यावर उतारा असं औषध नाही, आकडी आवरणारी औषधं देऊन जीव तगवतात, म्हणून वेळेला महत्त्व.

तर आता आधी दुकानाला भरपाई मागणारी नोटीस रजिस्टर्ड एडीने पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या, पोचपावती जपून ठेवा, आणि मुदत संपली की पर्वरीला तक्रार.