मुलगी दुसरीत आहे, ‘एका जागी बसत नाही’ अशी शाळेतून तक्रार येते. स्केटिंगचा क्लास लावू का? अभ्यासातच हालचाल आणता येईल का?

क्लासचं शेवटी बघू. आधी तुम्ही लिहिलेला तिचा दिवस मी वाचला: व्हॅन, शाळा, परत व्हॅन, जेवण, ट्यूशन, गृहपाठ, टीव्ही, झोप. ह्यात ती उभी कधी असते? दात घासताना. आणि तक्रार काय, तर बसत नाही!

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत २१ वर्षं पहिली-दुसरीला शिकवतेय. सुरुवातीची काही वर्षं गृहपाठ न केलेल्या मुलाला मी खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवायचे. म्हणजे ज्याला धावायची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच डांबायचं, आणि मग पुढच्या तासाला तो वळवळतो म्हणून पुन्हा ओरडायचं. आता आठवलं की लाज वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे की ५ ते १७ वयाच्या मुलांना आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. हा तास सलगच मिळाला पाहिजे असं नाही. दहा मिनिटं इथे, पाच तिथे असा तो जमवता येतो.

आता अभ्यासाचं. पाढे म्हणत उड्या मारा, कविता म्हणत टाळ्या वाजवा, असले व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. मी करून पाहिलं. घाम येतो, मजा येते, पाढा तेवढाच येतो जेवढा बसून आला असता. शेजारच्या वर्गातल्या बाई चिडतात ते वेगळंच. हालचालीचा धड्याशी काही संबंध असेल तरच ती शिकायला कामी येते. एकच उदाहरण देते, पण नीट देते, कारण तुमची मुलगी नेमकी त्याच इयत्तेत आहे.

दुसरीतली मुलं ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहितात. चूक त्यांची नसते. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागून, लिहिताना मात्र दशक आधी. कानावर तीन आधी पडतो म्हणून हात तीन आधी लिहितो. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं वाचायची पद्धत आली तेव्हा त्यावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. मला तो वाद फुकटचा वाटला. मुलांना उड्या मारायला लावल्या की त्रेसष्ट त्रेसष्टच राहतो आणि चूकही जाते.

घरातल्या पॅसेजमधल्या लाद्या घ्या. एक लादी म्हणजे एक दशक. सलग लाद्या कमी पडल्या तर खडूने दहा चौकोन आखा, सोसायटीच्या पार्किंगमध्येही चालेल. तुम्ही म्हणायचं ‘त्रेसष्ट’. तिने आधी सहा मोठ्या उड्या मारून सहाव्या लादीवर जायचं, मग जागच्या जागी तीनदा लंगडी घालायची, आणि मगच वहीत लिहायचं. मोठी उडी आधी घेतल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, त्यामुळे दशक आधी हे पायांत बसतं. खरी गंमत ‘एकोणसाठ’ला. एकोण म्हणजे एक कमी. साठापर्यंत सहा उड्या आणि एक छोटं पाऊल मागे. हे एकदा केलेल्या मुलाला एकोणतीस-एकोणचाळीस पुन्हा समजवावे लागत नाहीत. गेल्या वर्षी एकाने विचारलं, “बाई, मग ९९ ला एकोणशंभर का नाही म्हणत?” मी गप्प. नव्याण्णव का, ते अजून मला धड सांगता आलेलं नाही.

असं बाकी विषयांतही सुचत जातं. विटीदांडूत विटी किती लांब गेली ते दांडूने मोजत जाणं हा मोजमापाचा अख्खा धडा आहे. पण सगळंच नाचून शिकवायच्या नादी लागू नका. अक्षर सुधारायला बसावंच लागतं. दहा-पंधरा मिनिटं बसली की उठू द्या, बस्स.

‘अभ्यास बसूनच होतो’ असं घरी म्हणतात, हेही तुम्ही लिहिलंय. त्यांना कोसबाडच्या टेकडीवरच्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगा. तिथली आदिवासी मुलं गुरं चारायला जायची, शाळेत यायची नाहीत. तर ह्या दोघींनी शाळाच कुरणावर नेली, तिचं नावही कुरणशाळा. आणि परदेशातलं ऐकून पटत असेल तर स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगचं सांगा. तिथल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने २०१२ मध्ये मुलांना रोज १५ मिनिटं वर्गाबाहेर पळायला न्यायला सुरुवात केली. अंगावर आहेत त्याच कपड्यांत, शर्यत नाही, दमलं तर चालायचं. त्याला ‘डेली माइल’ म्हणतात. आम्ही परिपाठानंतर पटांगणाला फेऱ्या मारतो त्याला काहीच म्हणत नाही, पण मारतो.

घरात तिला कामं द्या, आणि ‘मदत’ म्हणून कौतुकाने नाही तर तिची म्हणून. अंथरुणं घालणं-काढणं, खालून कोथिंबीर आणणं, तीही जिन्याने. गिरणीत दळण टाकायला तिला सोबत न्या, पीठ चालत घेऊन या. संध्याकाळी खाली सोडा. सोसायटीत ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ असा बोर्ड असेल तर पुढच्या मीटिंगमध्ये त्याच्यावर भांडा, मी तुमच्या बाजूने आहे. मुलगी आहे म्हणून आणखी एक: पाचवी-सहावीत ‘आता मोठी झालीस’ म्हणून तिचं खाली जाणं बंद करू नका. माझ्या किती विद्यार्थिनींची लंगडी त्या एका वाक्यात संपली.

स्केटिंग तिनेच मागितलं असेल तर जरूर लावा. पण तिथे जायला-यायला व्हॅनमध्ये आणखी तासभर बसावं लागणार असेल तर राहू द्या.

आणि तिच्या बाईंशी भांडू नका. एका वर्गात ४० मुलं असली की बसा म्हणावंच लागतं. त्यांना एवढंच विचारा, वह्या गोळा करायचं किंवा फळा पुसायचं काम हिला देता का? मी हे काम नेहमी सगळ्यात चुळबुळ्या मुलाला देते. फक्त ते वर्गाला कळू द्यायचं नसतं. माझ्या वर्गाला एकदा कळलं, तर दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग चुळबुळ करत होता.