वृद्धाश्रमातले भयपट : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच दिशेचे आहेत. वृद्धाश्रम, अंधांची वसतिगृहं, समुद्रकाठची आरोग्यधामं अशा जागी घडणारे युरोपीय भयपट शोधायचे कसे, पाहायचे कसे, आणि तसं काही स्वतः चित्रित करायचं तर काय लागतं.

प्रश्न : अंध वृद्धांचं वसतिगृह, कडक व्यवस्थापक, त्याचा कुत्रा आणि दोन्ही भिंतींना ब्लेडची पाती लावलेली अरुंद बोळ. ब्रिटिश चित्रपट होता, एवढंच आठवतं. कुठल्याच यादीत तो सापडत नाही.

सापडत नाही, कारण तो स्वतंत्र चित्रपट नाही. फ्रेडी फ्रान्सिस यांनी अ‍ॅमिकस कंपनीसाठी दिग्दर्शित केलेल्या 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (१९७२) या चित्रपटात पाच कथा आहेत. तुम्हाला आठवते ती शेवटची, 'ब्लाइंड अ‍ॅलीज'. व्यवस्थापक मेजर रॉजर्स झालेत नायजेल पॅट्रिक आणि अंधांचा म्होरक्या कार्टर झालेत पॅट्रिक मॅगी. ही कथा पुन्हा पाहाल तेव्हा पात्यांच्या आधीचा भाग नीट पाहा. मेजर येतो तोच काटकसर करायला. शेगडीचं इंधन कमी होतं, जेवण पातळ होतं, पांघरुणं पुरत नाहीत. मेजरच्या स्वतःच्या खोलीत मात्र ऊब असते आणि कुत्र्याला मांस मिळतं. या प्रकारच्या चित्रपटांचा पाया हाच आहे. इथे भीती भुतापासून सुरू होत नाही, वेळापत्रक आणि शिधा ज्याच्या हातात आहे त्याच्यापासून सुरू होते. म्हणूनच शेवटी म्हातारे शांतपणे सुतारकाम करायला बसतात, तेव्हा काय घडणार हे कळूनही आपण त्यांच्या बाजूने असतो.

प्रश्न : अलँ देलाँ डॉक्टर असलेला फ्रेंच चित्रपट शोधतो आहे. इंग्रजी नावाने शोधलं की भलतेच चित्रपट येतात.

मूळ नाव 'ट्रेतमाँ द शॉक', साल १९७३, दिग्दर्शक अलँ जेस्सुआ. इंग्रजीत तो 'शॉक ट्रीटमेंट' झाला आणि घोटाळा तिथेच झाला, कारण त्याच नावाचे १९६४ आणि १९८१ चे दोन अमेरिकी चित्रपट आहेत. त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. इथे अ‍ॅनी जिरार्दो समुद्रकाठच्या एका महागड्या उपचारकेंद्रात येते. श्रीमंत, उतारवयाकडे झुकलेली माणसं तिथे तरुण होऊन बाहेर पडतात, आणि केंद्रात राबणाऱ्या पोर्तुगीज पोरांना मात्र एकामागून एक भोवळ येऊ लागते. हा वृद्धाश्रम नव्हे, पण म्हातारपण टाळण्याची किंमत कोणाच्या अंगातून वसूल होते हे इतक्या उघडपणे फार थोड्या चित्रपटांनी दाखवलं आहे.

अप्रसिद्ध चित्रपट शोधताना तीन गोष्टी एकत्र टाका : मूळ भाषेतलं नाव, दिग्दर्शक आणि साल. नाव माहीत नसेल तर त्या भाषेतला वृद्धाश्रमाचा शब्द वापरा. जर्मनमध्ये 'आल्टर्सहाइम', फ्रेंचमध्ये 'मेझाँ द रत्रेत', इटालियनमध्ये 'काझा दी रिपोझो'. स्पॅनिशमध्ये जपून. 'रेसिदेन्सिया' म्हणजे वृद्धाश्रम असू शकतो, तसंच वसतिगृहही. नार्सिसो इबान्येझ सेर्रादोर यांचा 'ला रेसिदेन्सिया' (१९६९) वृद्धाश्रमाचा समजून कोणी लावला, तर समोर येते एकोणिसाव्या शतकातल्या फ्रान्समधली मुलींची निवासी शाळा. चित्रपट उत्तम आहे, पण तुम्ही शोधत होतात तो नव्हे.

प्रश्न : चित्रपटाची लांबी ९० मिनिटं लिहिलेली असते आणि माझ्याकडची युरोपीय डीव्हीडी ८६ मिनिटांतच संपते. दृश्यं कापली आहेत का? शिवाय वेगळी मिळवलेली सबटायटल्स मागे पडत जातात.

बहुधा काहीही कापलेलं नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो आणि युरोपातली पॅल ही टीव्ही-पद्धत २५ चौकटींची. त्यामुळे डीव्हीडीसाठी तो थोडा वेगाने पळवला जातो. लांबीला ०.९६ ने गुणा : ९० मिनिटांची ८६ मिनिटं २४ सेकंद होतात. हिशेब करूनही तीनचार मिनिटं कमी पडत असतील तर मात्र कात्रीचा संशय घ्या. ब्लू-रे सहसा २४ चौकटींचीच असते, म्हणून शक्य असेल तर तुलना तिच्याशी करा.

सबटायटल्सचं दुखणंही हेच आहे. २४ च्या प्रतीसाठी केलेली फाइल २५ च्या प्रतीवर लावली, की दहाव्या मिनिटाच्या सुमाराला ती २४ सेकंद मागे असते आणि तासाभराने जवळजवळ अडीच मिनिटं. इथे फाइल पुढे-मागे सरकवून उपयोग नाही, एक प्रसंग जुळला की पुढचा बिघडतो. सबटायटल एडिटरमध्ये फ्रेम रेट (सेकंदाला किती चौकटी) बदलण्याची सोय असते, तिथे २४ वरून २५ करा. मूळ फाइल २३.९७६ ची असेल तर तो आकडा द्या. फरक पहिल्या संवादापासून शेवटच्या संवादापर्यंत सारखाच असेल, तरच नुसतं सरकवणं पुरतं.

वेगामुळे आवाजही किंचित चढतो, अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी. भयपटात हे खटकतं. दबक्या, खर्जातल्या आवाजाची जरब त्याने उणावते.

प्रश्न : अलीकडचं काही सुचवाल? म्हातारी माणसं म्हणजे राक्षस, एवढंच नको.

आंडी फेट्शर यांचा जर्मन 'ओल्ड पीपल' (२०२२) नेटफ्लिक्सने आणला. लग्नासाठी गावी आलेलं कुटुंब आणि जवळच टाकून दिल्यासारखा वृद्धाश्रम. आश्रमातली सुरुवातीची दृश्यं, म्हणजे अपुरी माणसं, खिडकीशी बसवून ठेवलेले चेहरे आणि बाहेरून येणारा वरातीचा आवाज, फार जोरकस आहेत. पुढे हाणामारी सुरू झाली की तुम्हाला नको असलेलंच बरंचसं येतं.

आधी पाको प्लाझा यांचा स्पॅनिश 'ला आबुएला' (२०२१) पाहा. पॅरिसमध्ये मॉडेलिंग करणारी नात मेंदूत रक्तस्राव झालेल्या आजीला सांभाळायला माद्रिदला येते. वृद्धाश्रम नाही, एक जुना फ्लॅट आहे. पण आंघोळ घालणं, कूस बदलणं, घास भरवणं ही कामं कॅमेरा घाई न करता दाखवतो, आणि भीती त्या स्पर्शातूनच येते. आजी झालेल्या वेरा वाल्देझ स्वतः एके काळी शनेल या फॅशन कंपनीच्या मॉडेल होत्या.

प्रश्न : आमच्या लघुपटात पंचविशीतल्या कलाकाराला ऐंशीचा दाखवायचा आहे. पेन्सिलने काढलेल्या सुरकुत्या जवळून खोट्या दिसतात. काय करावं?

जमलं तर खरीच वयस्क व्यक्ती घ्या. त्याला तोड नाही. नाहीच जमलं तर द्रव लॅटेक्स, म्हणजे कातडीवर वाळून पापुद्रा धरणारं पातळ रबर, वापरा. पेन्सिलची रेघ सपाट असते, लॅटेक्स कातडीला खरोखर घडी पाडतं.

आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून २४ तास थांबा. थोडी जरी खाज किंवा लाली आली तरी लॅटेक्सचा नाद सोडा. दाढी घोटून करा. भुवया आणि केसांच्या कडेला व्हॅसलीन चोळा, नाहीतर काढताना केस उपटून येतात.

मग एका वेळी एकच भाग. दुसऱ्या माणसाने कातडी ताणून धरायची आणि तुम्ही स्पंजने पातळ थर थोपटायचा, पुसायचा नाही. सुरकुती ताणाला आडवी पडते हे लक्षात ठेवा. कपाळावर आडव्या रेघा हव्या तर कपाळ वर ताणा. गालासाठी कलाकाराने गाल फुगवायचा, हाताच्या पाठीसाठी मूठ आवळायची. ताण तसाच ठेवून ड्रायरची थंड हवा सोडा. दुधाळ पांढरा थर पारदर्शक झाला की वाळला. आता पावडर लावा आणि मगच ताण सोडा. सगळ्यात जास्त काम इथे बिघडतं : पावडरीआधी सोडलं तर लॅटेक्स लॅटेक्सला चिकटतं आणि घडीच्या जागी गाठ होते. असे दोन-तीन थर पुरतात. वेळ वाचवायला एकच जाड थर दिला तर चेहऱ्यावर फुग्याचं रबर ताणल्यासारखं दिसतं.

लॅटेक्समधला अमोनिया डोळ्यांना झोंबतो. डोळ्यांच्या कडेला काम करताना थर पूर्ण वाळेपर्यंत डोळे मिटलेले हवेत, आणि पापणीच्या काठाला लॅटेक्स लावूच नका. ओठांभोवतीचा थर बोलण्याने आणि खाण्याने सर्वांत आधी सुटतो. म्हणून जवळची दृश्यं आधी उरका, कलाकाराला पाणी स्ट्रॉने द्या. वरचा रंग नेहमीचा तेलकट ग्रीजपेंट नको, खनिज तेल लॅटेक्स खातं. लॅटेक्ससाठीचा, एरंडेल-आधारित रंग मिळतो, तो घ्या. मान, कान आणि हात विसरू नका. चेहरा ऐंशीचा आणि पांघरुणावरचा हात पंचविशीचा, हे प्रेक्षक लगेच पकडतो. काढताना कोमट साबणपाण्याने कडा भिजवून बोटाने गुंडाळत न्या. ओढू नका.

प्रश्न : कॉरिडॉरमधल्या जुन्या ट्यूबलाइट कॅमेऱ्यात नको तिथे फडफडतात. हव्या त्या शॉटला मात्र फडफड आणता येत नाही.

वीज ५० हर्ट्झची असेल तर ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. २४ चौकटींना शटर (एका चौकटीला उजेड मिळण्याचा वेळ) सहसा १/४८ सेकंदावर असतं आणि ते या लयीशी जुळत नाही. ते १/५० करा. कॅमेऱ्यात शटरचा कोन द्यायचा असेल तर १७२.८ अंश. पडद्यावरची लाट थांबेल. ६० हर्ट्झच्या विजेला १/६० ठेवा.

मुद्दाम हवी असलेली फडफड खऱ्या बिघडलेल्या ट्यूबवर सोडू नका, ती दोन टेकमध्ये सारखी येत नाही आणि मग संकलनात जोड बसत नाही. फ्लिकरची सोय असलेला एलईडी ट्यूबलाइट त्याच पट्टीत बसवा आणि बाकीच्या ट्यूब स्थिर ठेवा. एकच दिवा, तोही कॉरिडॉरच्या टोकाचा, पुरेसा आहे. झपाट्याने लुकलुकणाऱ्या उजेडाने काहींना फिट येऊ शकते, म्हणून सेटवरच्या सगळ्यांना आधी विचारा आणि लघुपटाच्या सुरुवातीला सूचनेची पाटी टाका.