बिबट्या काप

बाळा,

तुझ्या फिल्मचा रफ कट, म्हणजे पहिली कच्ची जुळणी, पाहिला. बिबट्या खोटा दिसतोय, हे तुलाही कळलंय. म्हणूनच कॉम्प्युटरवरच्या व्हीएफएक्ससाठी बाबांकडे आणखी पैसे मागायचे की फिल्मच गुंडाळायची, या घोळात अडकलीस. दोन्ही नको. बिबट्या काप.

१९७४ मध्ये स्पिलबर्गने ‘जॉज’ या शार्कच्या सिनेमाचं शूटिंग अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ खऱ्या समुद्रात लावलं. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात उतरला की बंद पडायचा. ५५ दिवसांचं शेड्यूल १५९ दिवसांवर गेलं. पोरगा सत्ताविशीचा, स्टुडिओ डोक्यावर बसलेला. मग मासा नाही तर नाही, पिवळी पिंपं दाखवली. पिंप सरसरत आलं की खाली काय आहे ते कळतंच. उरलेला मासा जॉन विल्यम्सने दोन सुरांत उभा केला. तास उलटला तरी तो धड दिसत नाही, आणि लोक खुर्ची घट्ट धरून बसलेले!

एडिटिंगला व्हर्ना फील्ड्स होत्या. एवढे हाल काढून मिळालेला शॉट थोडा लांब राहावा, असं दिग्दर्शकाला वाटणारच. फील्ड्स मात्र त्यातल्या दोन-चार फ्रेम उडवायच्या, कारण तेवढ्यातच मासा नकली दिसायला लागायचा. एडिटिंगचं ऑस्कर त्यांना उगाच नाही मिळालं.

जास्तीचं शूट स्पिलबर्गनेही केलं, पण कशाचं ते बघ. बुडालेल्या बोटीच्या भोकातून मुंडकं बाहेर येतं ना, तो शॉट नंतर घेतला, फील्ड्स यांच्या घरच्या स्विमिंग पूलमध्ये. पाणी समुद्रासारखं गढूळ दिसावं म्हणून त्यात दुधाची पावडर कालवली. तिथेही माणसाचा चेहराच. मासा नाही.

‘बाई फार कापते’ हा ठपका मी आयुष्यभर ऐकला. एका निर्मात्याने मी कापलेला नकली पुराचा शॉट माझ्यामागे परत घातला, ‘पैसे मोजलेत’ म्हणून. मरणाच्या प्रसंगाला थिएटर हसलं. अजून सलतं मला ते. पण मी कापलं ते बरोबरच होतं, आजही तेच कापीन. खर्च किती झाला हे प्रेक्षकाला दिसत नसतं, गं! कितीदा सांगू?

आता उसाच्या फडाचे रशेस, म्हणजे न कापलेलं सगळं शूटिंग, परत उघड. पाती हलतात, कुत्रं भुंकायचं थांबतं, आजी हातातली बादली खाली ठेवते. एवढं सोनं असताना तू बिबट्याकडे धावतेस? आजीवर आणखी थोडं थांब, तिला दाराकडे बघू दे, आणि थेट सकाळवर कट मार. बिबट्या काप म्हणजे सगळा काप, शेपटीसुद्धा नको.

रविवारपर्यंत नवा कट पाठव. तोवर बाबांशी पैशांचं बोलू नकोस.

तुझी,
ताई