कुलगुरू व्हायचंय? आधी खरेदी समितीत जा

कुलगुरू व्हायचं मनात आहे म्हणालात, फार छान. पण आत्तापासून पदांमागे धावू नका. अरुण निगवेकर सरांची वाटचाल बघा: पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, १९९४ मध्ये नॅक (विद्यापीठं-कॉलेजांचं मूल्यांकन करणारी संस्था) सुरू झाली तेव्हा तिचे संस्थापक संचालक, १९९८ मध्ये कुलगुरू, पुढे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) अध्यक्ष. आधी विषयात वजन, मग खुर्ची.

तोवर एखाद्या समितीत मनापासून राबा, शक्यतो खरेदी समितीत. एका उपकरणाची फाईल स्वतः फिरवा: कोटेशनं, तुलनात्मक तक्ता, वित्त विभागाचा शेरा, पुन्हा त्रुटी. पैसा नेमका कुठे अडतो ते तिथेच कळतं, आणि माणसंही कळतात.

पीएचडीचे विद्यार्थी मात्र वाऱ्यावर सोडू नका. आठवड्यातली एक सकाळ लॅबसाठी राखाच; कोणीही बोलावलं तरी त्या वेळेत मीटिंग घेऊ नका.